‘ओ, डॉक्टर बीचिंग!’ : हॅटले स्टेशनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडिलांची ड्यूटी, सिग्नलच्या केबिनमधली घंटा, गाडी येऊन गेल्यावर फलाटावर पसरणारी शांतता, यांच्याच मापाने आमचा दिवस मोजला जायचा. त्यामुळे इंग्लंडातल्या हॅटले या काल्पनिक आडगावच्या स्टेशनावर बेतलेली ही विनोदी मालिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला परकं असं काही वाटलंच नाही. ती मालिका मी अनेकांना पाहायला लावली आणि प्रत्येकाने जवळपास तेच प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ही मालिका नेमकी कोणती? कधीची?

‘ओ, डॉक्टर बीचिंग!’ ही बीबीसी वनवरची विनोदी मालिका. चाचणी भाग १४ ऑगस्ट १९९५ रोजी दाखवला गेला, नियमित भाग ८ जुलै १९९६ पासून सुरू झाले आणि शेवटचा भाग २८ सप्टेंबर १९९७ रोजी झाला. दोन पर्वं, चाचणी भाग धरून एकूण २० भाग, प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा.

कल्पना डेव्हिड क्रॉफ्ट आणि रिचर्ड स्पेंडलव्ह या दोघांची. क्रॉफ्ट म्हणजे ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या विनोदाचा बुजुर्ग माणूस. स्पेंडलव्ह मात्र मुळात रेल्वेवाले. कितीतरी वर्षं रेल्वेत काढून मग ते केंब्रिजशायरच्या बीबीसी रेडिओवर निवेदक झाले. मालिकेत अधूनमधून तपासणीला येणारे वरिष्ठ अधिकारी, मिस्टर ऑर्किनडेल, ही भूमिका त्यांनी स्वतःच केली आहे. स्टेशन मास्तर, हमाल, गार्ड आणि केबिनमन यांच्यातला मान-अपमान, कोणाच्या कामात कोणी हात घालायचा आणि कोणी नाही, हे सगळं इतकं अचूक उतरलंय ते या माणसामुळे, असं मला मनापासून वाटतं.

हे डॉक्टर बीचिंग कोण? मालिकेत ते कधी येतात?

ते या गोष्टीतलं पात्र नाहीत. त्यांचं फक्त नाव येतं, आणि तेवढ्यानेच हॅटलेतल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो.

डॉ. रिचर्ड बीचिंग हा खरा माणूस. जन्म १९१३चा. शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, म्हणजे त्यांची ‘डॉक्टर’ ही पदवी पीएचडीची, दवाखान्याची नव्हे. आयसीआय या मोठ्या रसायन कंपनीत ते तांत्रिक संचालक होते. १९६१ साली वाहतूक मंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी त्यांना रेल्वेच्या प्रमुखपदी आणलं. वार्षिक पगार २४,००० पौंड. त्या वेळी पंतप्रधानांना १०,००० पौंड मिळत असत, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच या माणसाकडे लोकांचे डोळे लागले होते.

रेल्वे तोट्यात होती. १९६२ सालचा तोटा १०४ दशलक्ष पौंडांचा होता. २७ मार्च १९६३ रोजी बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात म्हटलं होतं की देशातल्या लोहमार्गांपैकी एक तृतीयांश मार्गांवरून एकूण प्रवासी वाहतुकीची जेमतेम एक टक्का वाहतूक होते. म्हणून सुमारे १८,००० मैलांपैकी ५,००० मैल मार्ग आणि २,३६३ स्टेशनं बंद करावीत. स्टेशनांचा हिशोब केला तर निम्म्याहून अधिक. इंग्रजांच्या बोलण्यात याला आजही ‘बीचिंगची कुऱ्हाड’ म्हणतात.

मालिका घडते ती याच १९६३ साली. हॅटले हे कुठल्याशा आडवळणाच्या मार्गावरचं काल्पनिक स्टेशन आहे. यादीत आपलं नाव आहे का, ही एकच धास्ती सगळ्यांना आहे. कोण आलं, कोणता कागद आला, वरिष्ठ साहेब आज अचानक का टपकले, यातल्या प्रत्येक गोष्टीतून प्रत्येक जण आपापला अर्थ काढत बसतो. माझ्या मते या मालिकेचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे. ही माणसं हसवतात, भांडतात, चोरून प्रेम करतात, चहा पितात, आणि त्यांना जे ठाऊक नाही ते पाहणाऱ्याला ठाऊक असतं. अशी स्टेशनं वाचली नाहीत.

म्हणजे बीचिंग हा खलनायकच म्हणायचा?

इतकं सोपं नाही, आणि इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण मालिका पाहून बाहेर पडणारे बहुतेक जण त्या माणसावर दात-ओठ खात असतात.

काही गोष्टी त्यांच्या बाजूने आहेत. मोटारी आणि मालट्रक वाढल्यामुळे आडमार्गांवरच्या गाड्या रिकाम्या धावत होत्या हे खरं. बीचिंग येण्याआधीही मार्ग बंद होतच होते. कंटेनरमधून मालवाहतूक करायची कल्पना त्यांनीच उचलून धरली, आणि त्यातून १९६५ साली सुरू झालेली फ्रेटलाइनर सेवा आजही धावते आहे. शिवाय अहवाल लिहिणारा एक असतो आणि कुलूप लावायचा निर्णय मंत्र्याचा असतो. हुजूर पक्षाचं सरकार जाऊन १९६४ साली हॅरॉल्ड विल्सन यांचं मजूर सरकार आलं, निवडणुकीत त्यांनी ही मोडतोड थांबवू असं म्हटलंही होतं, पण मार्ग बंद होत राहिले. मार्पल्स यांची तर रस्ते बांधणाऱ्या कंपनीत मोठी भागीदारी होती, आणि त्यावरून त्या काळी पुष्कळ वादळ उठलं होतं.

आता दुसरी बाजू. प्रवाशांची मोजणी झाली ती एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्यात. समुद्रकाठच्या गावी जाणारा मार्ग एप्रिलात कसा भरेल? तिथली गर्दी जुलै-ऑगस्टची. आणि सुटीला येणारा माणूस तिकीट काढतो ते स्वतःच्या शहरात. त्याचे पैसे शहराच्या गल्ल्यात दिसतात, समुद्रकाठच्या स्टेशनाच्या वहीत मात्र कोरं पान. फाटा तोडला की त्या फाट्यावरचा प्रवासी मोटारीत बसतो आणि मुख्य मार्गही त्याला कायमचा मुकतो, हेही पुढे दिसून आलं. तोट्यात असला तरी मार्ग समाजाला लागतो, म्हणून त्याला सरकारने पैसे द्यावेत, हे तत्त्व कायद्यात आलं ते १९६८ साली, बार्बरा कासल यांनी वाहतूक मंत्री असताना मांडलेल्या विधेयकातून. तोवर बरंच काही उखडून झालं होतं.

मी बीचिंगना खलनायक म्हणणार नाही. त्यांना जे मोजायला सांगितलं ते त्यांनी मोजलं. हॅटलेच्या फलाटावर काय काय चालतं, हे त्या वहीत लिहायला रकानाच नव्हता, आणि तो रकाना तीस वर्षांनी एका विनोदी मालिकेने भरला.

गोष्ट काय आहे? पात्रं कोण कोण?

हॅटलेला स्टेशन मास्तर नाही. जॅक स्किनर (पॉल शेन) हा मुख्य हमाल, तोच हंगामी स्टेशन मास्तर म्हणून कारभार पाहतोय. कारभार म्हणजे काय, सगळं आपलं घरच्यासारखं चाललेलं. अशात नवा स्टेशन मास्तर रुजू होतो. सेसिल पार्किन (जेफ्री हॉलंड), कडक इस्त्रीचा, वेळेचा पक्का, नियमावर बोट ठेवणारा. आणि उतरल्या उतरल्या त्याच्या लक्षात येतं की जॅकची बायको मे, जी स्टेशनातलं उपाहारगृह चालवते, ती म्हणजे आपली जुनी प्रेयसी. मेलाही ते कळतं. जॅकला कळत नाही, पण तो जात्याच संशयी असल्यामुळे वास मात्र येत राहतो. पुढचे सगळे भाग या निखाऱ्यावर शिजतात.

तिकीट खिडकीत एथेल शूमन (सू पोलार्ड). प्रेमाला आसुसलेली, भडक, मनाने निर्मळ. तिचा मुलगा विल्फ्रेड तिथेच पोऱ्या म्हणून राबतो. त्याला सांगितलेलं एक काम सरळ होत नाही, पण त्याच्यावर कोणी खरं चिडतही नाही. इंजिनावर म्हातारा ड्रायव्हर आर्नल्ड (आयव्हर रॉबर्ट्स) आणि त्याच्या हाताखाली शिकणारा राल्फ (पेरी बेन्सन). गार्ड पर्सी. जॅक आणि मे यांची वयात आलेली मुलगी ग्लोरिया, जिच्यामुळे बापाच्या संशयाला आणखी एक दिशा मिळते.

माझी सगळ्यात आवडती व्हेरा प्लमट्री (बार्बरा न्यू). ड्रायव्हरची विधवा, रेल्वेच्याच घरात राहते आणि नव्या स्टेशन मास्तरचं घरकाम बघते. कुठलाही विषय निघो, ती आपल्या नवऱ्यावर येते: ते इंजिन ड्रायव्हर होते, ठाऊक आहे ना? पहिल्यांदा हसू येतं. पाचव्यांदा ते वाक्य येणार हे आधीच कळतं म्हणून हसू येतं. पण मग एखाद्या भागात लक्षात येतं की या बाईकडे उरलंय ते एवढंच वाक्य, आणि ते खरं ठेवणारी जागा म्हणजे हे स्टेशन. रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्यांनी अशी एक तरी मावशी पाहिलेली असते. आमच्या रांगेत शेवटच्या खोलीत एक होत्या. त्यांचे यजमान मेल चालवायचे, हे आम्हा पोरांना पाढ्यांसारखं पाठ होतं.

केबिनमन हॅरी गाड्या सोडायचं काम कधी करतो?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, कारण हॅरी लॅम्बर्ट (स्टीफन लुईस) आपल्या केबिनमध्ये केस कापतो, भाजी पिकवून विकतो, असे नाना जोडधंदे करतो. गाडी आली की त्याला धंद्यात व्यत्यय आल्यासारखं वाटतं.

यातली गंमत पुरती कळायला केबिन कशी चालते ते ठाऊक हवं. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा मूळ नियम. शेजारची केबिन घंटेच्या ठोक्यांनी विचारते. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. मग गाडीचा प्रकार सांगायचा: जलद गाडीला सलग चार ठोके, साध्या प्रवासी गाडीला तीन, जरा थांबून एक. घेणाऱ्याने तेच ठोके परत वाजवले की मार्ग दिला. गाडी टप्प्यात शिरली की दोन ठोके, बाहेर पडली की दोन, थांबून एक. प्रत्येक वेळ वहीत लिहायची. समोर सिग्नल आणि रूळ बदलणारे सांधे हलवायच्या खटक्यांची रांग, रंग ठरलेले: थांब्याच्या सिग्नलचा लाल, दूरच्या सिग्नलचा पिवळा, सांध्यांचा काळा. खटका उघड्या हाताने धरायचा नाही, फडक्याने धरायचा, नाहीतर घामाने गंजतो. एकेरी मार्ग असेल तर शिवाय टोकन. ते हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर पुढे हलत नाही. आपल्याकडे याच कामासाठी धातूचा गोळा वापरत, तो अनेकांनी फलाटावरून पाहिला असेल.

दोन गाड्यांच्या मध्ये तासच्या तास रिकामा, पण केबिन सोडून जायची मुभा नाही. अशा जागी बसलेला माणूस हाताला काहीतरी चाळा शोधणारच. हॅरीचं पात्र रचलंय ते या खऱ्या पोकळीवर, म्हणून ते नुसतं अर्कचित्र वाटत नाही. शिवाय तो कितीही कटकट करो, त्याच्या हातून गाडी अडत नाही.

स्टीफन लुईस यांना इंग्लंडात लोक ओळखत ते ‘ऑन द बसेस’ या जुन्या मालिकेतला बस इन्स्पेक्टर ब्लेकी म्हणून. तो लांबोडका, वैतागलेला चेहरा इथे केबिनच्या काचेमागे आलाय.

मेचा चेहरा चाचणी भागात वेगळा का दिसतो?

चाचणी भागात मेची भूमिका शेरी ह्युसन यांनी केली होती. मालिका सुरू झाली तेव्हा तिथे ज्युलिया डीकिन आल्या, आणि तो पहिला भाग त्यांच्यासोबत नव्याने चित्रित केलेली दृश्यं जोडून पुन्हा दाखवला गेला. डीकिन यांची मे जास्त ठाम आहे. दोन पुरुषांच्या ओढाताणीत ती कुठे बाहुली होत नाही.

शीर्षकगीत ओळखीचं वाटतं. ते कुठलं?

चाल १८९०च्या दशकातल्या एका गाजलेल्या नाट्यगृही गाण्याची आहे. त्या मूळ गाण्यातल्या बाईला जायचं असतं बर्मिंगहॅमला आणि गाडी तिला नेते क्रू या भलत्याच गावाला. ती बिचारी हमालाला साकडं घालते. मेरी लॉइड या गायिकेने ते घरोघरी नेलं. मालिकेसाठी शब्द बदलले आणि हमालाऐवजी डॉक्टर बीचिंगना हाक घातली. गायलंय सू पोलार्ड यांनी. मालिकेचं नावही या हाकेतूनच आलंय. चाल उडती, शब्दांत मात्र एकेक गाडी कमी होत चालल्याची तक्रार. सुरुवातीचं गाणं ओलांडून पुढे जाऊ नका, निदान पहिल्या दोन-तीन भागांत तरी.

हॅटले स्टेशन खरं कुठे आहे?

पडद्यावर दिसतं ते वूस्टरशायरमधलं आर्ली स्टेशन, सेव्हर्न व्हॅली रेल्वेवरचं. या जागेची स्वतःची कहाणी मालिकेइतकीच ऐकण्यासारखी आहे.

सेव्हर्न नदीच्या काठाने जाणारा हा मार्ग १ फेब्रुवारी १८६२ रोजी सुरू झाला. हार्टलबरी ते श्रूझबरी, सुमारे ४० मैल. आर्लीच्या दक्षिणेला नदीवर व्हिक्टोरिया पूल आहे, ओतीव लोखंडाचा, २०० फुटांचा एकच गाळा. त्याचा आराखडा जॉन फाउलर यांचा. हेच फाउलर पुढे स्कॉटलंडच्या प्रसिद्ध फोर्थ पुलाच्या अभियंत्यांपैकी एक होते.

प्रवासी गाड्या बंद झाल्या सप्टेंबर १९६३ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी पडद्यावरचं हॅटले कुऱ्हाडीची वाट पाहतंय, त्याच वर्षी ते खरं स्टेशन मुकं झालं होतं. एक बारकावा सांगायला हवा: हा मार्ग बंद करायचं बीचिंग अहवालाच्या आधीच ठरलं होतं. तेव्हा ‘आर्ली बीचिंगने बंद केलं’ असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

१९६५ साली काही रेल्वेवेड्यांनी संस्था काढली. पैसे जमवले, रूळ विकत घेतले, गंजलेली इंजिनं भंगारातून सोडवून आणली. १९७० साली ब्रिजनॉर्थपासून पहिला तुकडा सुरू झाला, १९७४ साली गाड्या आर्लीवरून ब्यूडलीपर्यंत आल्या, १९८४ साली किडरमिन्स्टरपर्यंत. आज हा १६ मैलांचा मार्ग मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातांनी चालतो. निवृत्त माणूस शनिवारी गणवेश चढवतो आणि हिरवी झेंडी दाखवतो. मालिका बनवणाऱ्यांना १९६३ उभं करायला फार खटाटोप पडला नाही, कारण या लोकांनी ते आधीच जपून ठेवलं होतं.

इंजिन खरं होतं की देखावा?

अगदी खरं, कोळशावर चालणारं. ‘ब्लॉसम’ या नावाने जे छोटं इंजिन मालिकेत वावरतं ते आयव्हॅट या रेल्वे अभियंत्याच्या आराखड्याचं, क्रमांक ४६५२१. अशी हलकी इंजिनं आडमार्गांसाठीच बांधली होती, त्यामुळे निवड चोख आहे. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य जाळ्यावरून वाफेची नियमित इंजिनं ऑगस्ट १९६८ मध्ये गेली. म्हणजे हॅटले वाचलं असतं तरी ब्लॉसमकडे पाचच वर्षं होती.

हेच नट आणखी कुठेतरी एकत्र पाहिल्यासारखे वाटतात…

बरोबर. पॉल शेन, सू पोलार्ड आणि जेफ्री हॉलंड हे तिघे क्रॉफ्ट यांच्या ‘हाय-डी-हाय!’ (१९८० ते १९८८) आणि नंतर ‘यू रँग, मिलॉर्ड?’ यांतही होते. क्रॉफ्ट यांची पद्धत जुन्या नाटक कंपनीसारखी. माणसं तीच, नाटक नवं. तुमची आमची संगीत मंडळी जशी एकाच ताफ्यावर डझनभर नाटकं उभी करायची, तसंच. भागाच्या शेवटी ‘आपण पाहत होतात…’ असं म्हणून एकेका नटाचा चेहरा दाखवायचा, हीही त्यांची खूण. छोट्यातल्या छोट्या भूमिकेलाही तो मान मिळतो, आणि मला ते फार आवडतं.

यात महाराष्ट्राचा काही संबंध आहे म्हणे?

या मालिकेत नाही, पण क्रॉफ्ट यांच्या आधीच्या एका मालिकेत आहे, आणि तो संबंध खरा आहे. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४ ते १९८१) ही त्यांनी जिमी पेरी यांच्यासोबत लिहिलेली मालिका, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या करमणूक पथकावर. हे पथक सुरुवातीला असतं नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत. पेरी स्वतः तोफखान्यात होते आणि देवळालीत अशाच पथकात त्यांनी काम केलं होतं. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत सैनिक देवळालीत महिनोन्‌महिने पडून असत आणि कंटाळ्याने वेडेपिसे होत. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणायला लागले. आपल्या देवळालीचं नाव परक्या भाषेत असं राहून गेलंय.

ती मालिका मात्र आज बघताना खुपते. मायकेल बेट्स या नटाने चेहरा काळवंडून भारतीय नोकराची भूमिका केली होती. बेट्स यांचा जन्म झाशीचा, भाषा त्यांना येत होती, तरी रंग फासलेला तो चेहरा मला बघवत नाही. ‘ओ, डॉक्टर बीचिंग!’ मध्ये असं काही नाही. इथे लेखक आपल्याच माणसांना हसतात आणि त्यांच्यावर माया करतात.

मला मात्र दोन्हीकडे एक धागा दिसतो. देवळालीतले सैनिक बोटीची वाट पाहतात, हॅटलेतली माणसं निकालाची. वाट पाहणाऱ्या माणसांचा वेळ कसा जातो, यातून विनोद काढणं क्रॉफ्ट यांना फार चांगलं जमत असे.

इंग्रजी समजायला जड जातं का?

पहिले दोन भाग जड जातात. यॉर्कशायरकडच्या पॉल शेन यांचे उच्चार भरभक्कम आहेत, सू पोलार्ड यांची पट्टी उंच आणि वेगवान. उपशीर्षकं लावून पाहा. चावट द्व्यर्थी वाक्यं पुष्कळ आहेत, ती एकदा ऐकून सुटतात. शब्द सुटला तरी चेहरे सांगतात.

मुलांबरोबर पाहता येईल का?

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर निर्धास्त. शिवीगाळ नाही, हिंसा नाही. चावटपणा आहे तो तमाशातल्या बतावणीइतका, ज्याला कळेल त्याला कळेल.

मालिका मधेच संपते का?

हो, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या पर्वानंतर बीबीसीने तिसरं पर्व केलं नाही. त्यामुळे हॅटलेचं काय झालं हे शेवटपर्यंत कळत नाही. कुलूप लागताना दिसत नाही, वाचल्याची बातमीही येत नाही.

पहिल्या पर्वाच्या मानाने दुसरं थोडं सैल आहे. काही भागांत गैरसमजांची तीच ती गाडी पुन्हा फिरते आणि बीचिंगची सावली पातळ होते. ज्या भागांत ती सावली गडद आहे ते भाग मला सर्वांत उजवे वाटतात.

कुठून सुरुवात करावी?

पहिल्या पर्वाच्या पहिल्या भागापासून, क्रमाने. पार्किन आणि मे समोरासमोर येतात तो प्रसंग चुकला तर पुढचे अर्धे कटाक्ष वाया जातात. दोन्ही पर्वं डीव्हीडीवर निघाली आहेत.

अशी बंद पडलेली स्टेशनं परत सुरू झाली का?

काही झाली. एडिंबरा ते कार्लाइल हा वेव्हर्ली मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद पडला. त्याचा उत्तरेकडचा तुकडा, एडिंबरापासून ट्वीडबँकपर्यंत, ६ सप्टेंबर २०१५ रोजी पुन्हा सुरू झाला. सेहेचाळीस वर्षांनी. डेव्हनमधल्या ओकहॅम्प्टनची नियमित गाडी १९७२ साली गेली होती, ती नोव्हेंबर २०२१ मध्ये परत आली. बहुतेक ठिकाणी मात्र रुळांच्या जागी पायवाट आहे, स्टेशनांची घरं झाली आहेत, आणि पुलांचे नुसते खांब उभे आहेत.

आपल्याकडे अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद मार्गावरच्या ‘शकुंतला’साठी वऱ्हाडातली माणसं ज्या जिव्हाळ्याने बोलतात, तो सूर मला हॅटलेच्या लोकांच्या बोलण्यात ओळखू येतो.

आर्लीला जायचं असेल तर?

बर्मिंगहॅमहून साध्या गाडीने किडरमिन्स्टरला उतरा. सेव्हर्न व्हॅली रेल्वेचं स्टेशन शेजारीच आहे. तिथून वाफेच्या गाडीने ब्यूडली आणि मग आर्ली. व्हिक्टोरिया पूल आर्ली येण्याच्या जरा आधी लागतो, तेव्हा ब्यूडली सुटलं की खिडकी सोडू नका. दिवसभराचं तिकीट काढलं तर मधे कुठेही उतरून पुढच्या गाडीने जाता येतं. हिवाळ्यात रोज गाड्या नसतात, म्हणून आधी वेळापत्रक पाहून घ्या.

उतरल्यावर लगेच गावाकडे धावू नका. गाडी निघून जाऊ द्या. फलाटावरच्या बाकावर बसा, सिग्नलचा हात खाली पडलेला परत वर जाताना खटका ऐकू येतो का पाहा. समोरून येणारी गाडीही इथेच ओलांडते, तेव्हा टोकन हातोहात दिलं जाताना दिसेल. मग नदीकडे उतरा. पूर्वी इथे नदी ओलांडायला नाव होती, आता पादचारी पूल आहे, आणि गाव पलीकडच्या काठावर आहे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र फलाटावरच्या माणसाला विचारून ठेवा. तो बहुधा पगारी नसेल, त्याला विचारलेलं आवडेल, आणि मालिकेचं नाव काढलंत तर चित्रीकरणाच्या दिवसांबद्दल तो तुम्हाला बरंच काही सांगत बसेल.